शीला उठली की रायडर्स जिंकतात

प्रतापराव हरकऱ्यांनी आपली बायको तेहतीस हजार लोकांच्या सोबतीनं पाहिली, आणि तीही शत्रूच्या निळ्या मफलरात.

लेबर डे वीकेंडचा रविवार होता. रेजिनाच्या स्टेडियममध्ये आपले सस्कॅचवान रफरायडर्स आणि शेजारच्या राज्यातले विनिपेगचे ब्लू बॉम्बर्स यांचा वर्षातला सगळ्यात तापलेला सामना चालू होता. जिकडंतिकडं हिरवंगार. निम्म्या लोकांनी टरबूज कोरून डोक्यावर टोपीसारखं घातलेलं, त्याचा रस मानेवरून शर्टात उतरतोय, पण तक्रार कोणाची नाही. रायडर्स मागं पडले होते, आणि त्याच वेळी कोपऱ्यातल्या निळ्या टोळक्याकडे कॅमेरा वळला. लोकांनी हुर्यो उडवायला तोंडं उघडली. मोठ्या पडद्यावर एक ढोल, दोन झेंडे, आणि मधोमध एक बुटकीशी बाई दिसली. कपाळावर टिकली. दोन्ही हातांत निळा-सोनेरी मफलर ताणून धरलेला. ती नुसती ओरडत नव्हती, उड्या मारत होती.

शेजारच्या खुर्चीतल्या ग्लेननं टरबुजाची टोपी मागं सरकवली आणि विचारलं, "प्रताप, इज दॅट शीला?"

ती शीलाच होती. वीस मिनिटांपूर्वी त्यांनी स्वतःच तिला उठवून बाहेर पाठवलं होतं.

का पाठवलं होतं, ते सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, नवरा-बायकोत काही बिनसलं होतं. तसं मुळीच नव्हतं. तो नियम होता. एकोणीस वर्षांपूर्वी, जुनं स्टेडियम अजून उभं होतं तेव्हा, रायडर्स असेच मार खात असताना शीला सात वर्षांच्या लेकीला, चैत्रालीला घेऊन वॉशरूमला गेली. ती गेली आणि टचडाऊन झाला, आपला गडी चेंडू घेऊन शेवटच्या रेषेपार, एकदम सहा गुण. रांग लांब होती, तिला यायला वेळ लागला, तेवढ्यात दुसरा झाला. ती परत येऊन बसली मात्र, चेंडू हातचा गेला. प्रतापराव नागपूरच्या इंजिनिअरिंग हॉस्टेलमध्ये क्रिकेट ऐकत मोठे झालेले. तिथं एक जण खोलीत शिरला की हमखास विकेट पडायची, म्हणून त्या बिचाऱ्यानं कसोटीचे पाचही दिवस कॉरिडॉरमध्ये काढले होते, तेही खुशीनं. ज्याला अशा गोष्टी लगेच कळतात त्याला त्या दिवशीही कळल्या. शीला उठली की रायडर्स जिंकतात. मग नियम पक्का झाला. रायडर्स मागं पडले की शीलानं उठायचं, आणि एकदा उठली की सामना संपेपर्यंत परत यायचं नाही, कारण ती परतली की नशीबही परत फिरतं.

हरले तर? तर शीला उशिरा उठली. नियमाला बाध येत नसे.

आणि हा नियम एकट्या प्रतापरावांचा राहिला नव्हता. मूस जॉ गावाकडून शंभर वेळा ट्रक हाकत आलेला ग्लेन, त्याचे दोन भाऊ, पुढच्या ओळीतली शाळामास्तरीण, सगळी रांग त्यात सामील झाली. गव्हाची शेती करणारी माणसं ती, पावसाची वाट बघण्यात आयुष्य गेलेलं, त्यांना शकुन-अपशकुन नवे नव्हते. रायडर्स मागं पडले की अख्खी रांग टाळ्या वाजवत म्हणायची, "गो शीला गो! गो शीला गो!" शीला हसून पर्स उचलायची, गुडघे वाकवून बसलेल्यांच्या समोरून सरकत निघून जायची. प्रतापरावांना त्या वेळी केवढा अभिमान वाटायचा! आपल्या बायकोचं नाव ही गोरी माणसं गातायत. अठ्ठ्याण्णव साली ते रेजिनाला हायवे खात्यात लागले, तेव्हा पहिले आठ महिने ऑफिसात कोणी हवामानापलीकडे बोललं नव्हतं. एका सोमवारी त्यांनी सहज आदल्या दिवशीच्या सामन्याचा स्कोअर सांगितला, आणि चहाच्या टेबलावर त्यांना खुर्ची सरकवली गेली. त्याच आठवड्यात त्यांनी हिरवा स्वेटर घेतला. तेव्हापासून ते रेजिनाचे झाले, आणि आपल्यासोबत शीलाही झाली असं ते धरून चालले.

आता तीच शीला निळ्या लोकांत उड्या मारत होती. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला असता तर बरं झालं असतं. राग ओळखीचा असतो. हे काहीतरी वेगळंच होतं.

रायडर्स हरले. ग्लेननं फक्त त्यांच्या पाठीवर हात ठेवला, मयताला जाऊन आल्यावर ठेवतात तसा.

शीला गाडीपाशी आधीच येऊन उभी होती. मफलर काढलेला, पर्स दोन्ही हातांनी धरलेली. तिनं पडद्यावर स्वतःला पाहिलंच होतं. पार्किंगमधून बाहेर पडायला पाऊण तास लागतो, त्यामुळे बोलणं टाळायची सोय नव्हती.

"काय करून राहिली होतीस तू तिथं?" प्रतापरावांनी विचारलं.

"मॅच बघत होते."

"त्यांच्यात?"

"हो. त्यांच्यात."

"आजच गेलीस?"

शीला समोरच्या ट्रकच्या लाल दिव्यांकडे बघत म्हणाली, "सात सीझन झाले. त्याआधी बारा वर्षं उभी होते. पॉपकॉर्नच्या स्टॉलसमोर, टीव्हीखाली. आधीच्या स्टेडियममध्ये पण, नव्यातही."

प्रतापरावांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. एकोणीस वर्षांत शीला बाहेर जाऊन काय करते, हा प्रश्न त्यांना एकदाही पडला नव्हता. ती बाहेर जाते एवढंच त्यांना माहीत होतं. त्या क्षणी त्यांना स्वतःचंच आश्चर्य वाटलं, आणि ते चांगल्या जातीचं नव्हतं.

"अगं, पण तुला फुटबॉल आवडतो कुठं? तू तर माझ्यासाठी यायचीस."

"सुरुवातीला तुमच्यासाठीच यायचे. पण बारा वर्षं टीव्हीखाली उभं राहिलं की माणूस शिकतो हो. त्या पॉपकॉर्नवाल्या पोरी बदलत गेल्या, पण प्रत्येक जण काही ना काही सांगायची. आज तुमच्या कोचनं तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या प्रयत्नाला किक मारायला लावायची होती, जुगार कशाला खेळला? तिथंच मॅच गेली."

तिथंच गेली होती. प्रतापरावांना ते घरी जाऊन हायलाइट्स बघितल्यावर कळलं.

त्यांनी चहाही घेतला नव्हता, तेवढ्यात वॉटर्लूहून चैत्रालीचा व्हिडिओ कॉल आला. ती तिथं सॉफ्टवेअर कंपनीत आहे. ती हसत होती, पडद्यावरच्या आईची क्लिप तिच्यापर्यंत पोचली होती.

"आई, यू आर फेमस!"

"चैतू, तुला हे माहीत होतं?" प्रतापरावांनी विचारलं.

"बाबा, दॅट स्कार्फ? मीच पाठवला. थ्री ख्रिसमसेस अगो. बेसमेंटमध्ये विंटर जॅकेट्सच्या बॉक्समध्ये असतो."

प्रतापराव खुर्चीत बसले. घरात, त्यांच्या बेसमेंटमध्ये, त्यांच्याच जॅकेटखाली, तीन वर्षं. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

"तू रेजिनात जन्मलीस," ते म्हणाले. "हिरव्या झबल्यात घरी आणली तुला. तुला काहीच वाटलं नाही? विनिपेगचा मफलर घेताना?"

"बाबा, आय डोन्ट इव्हन हॅव अ टीम. आम्ही कोणीच टीम असं नाही करत. मला एखादी प्लेअर आवडते, ती जिथं जाईल तिथं मी जाते. पुढच्या वर्षी ती बदलली की मी पण." मग तिचं हसणं थांबलं. "अँड यू नो व्हाय? माझं अख्खं चाइल्डहुड आय वॉज स्टँडिंग आउटसाइड विथ हर. तुम्ही आम्हा दोघींना पाठवायचात. आय थॉट दॅट्स व्हॉट अ फुटबॉल गेम वॉज. कॉरिडॉर अँड पॉपकॉर्न."

हे मात्र त्यांना साफ नवीन होतं. चैत्राली त्यांच्या आठवणीत खुर्चीवर होती, गालावर हिरवा रंग लावून. तसा एक फोटो हॉलमध्ये लावलेलाही होता. पण फोटो सामना सुरू व्हायच्या आधी काढतात.

पुढच्या गुरुवारी बेल वाजली. दारात पांढऱ्या केसांची, काठी टेकलेली बाई उभी, हातात डबा. "टिर्झा चेऊलकर," तिनं स्वतःची ओळख करून दिली. "म्हटलं, भांडण माझ्यामुळं लागलंय तर तोंड दाखवून यावं."

प्रतापरावांच्या मनात त्या निळ्या कोपऱ्यातलं कोणीतरी दांडगं गोरं माणूस होतं. मराठी बोलणारी सत्तरीची बाई नव्हती. डबा हातात घेत ते "या, बसा" म्हणाले.

टिर्झा कोकणातल्या ज्यू घरातली. अलिबागेजवळच्या गावाहून नऊ वर्षांची असताना आईबापांसोबत विनिपेगला आलेली. "पहिला हिवाळा. बापाला नोकरी लागली नव्हती, घरात हीटर बिघडलेला. बाबा म्हणाले, चला, जिथं गर्दी असते तिथं ऊब असते, आणि मॅचला घेऊन गेले. शेजारच्या माणसानं आमच्या तिघांवर आपलं ब्लँकेट टाकलं. निळं. झालं, तेव्हापासून निळं ते निळं." लग्न होऊन ती रेजिनाला आली त्याला चाळीस वर्षं झाली होती. "म्हणून काय झालं? सासरी कितीही वर्षं राहिलं तरी माहेराला कोणी नावं ठेवतं का?"

नवरा मॉरिसही मूळचा विनिपेगचाच, नोकरीनं इकडं आलेला. त्याच्यासारख्या तिकडून आलेल्या वीस-बावीस जणांनी मिळून कोपऱ्यातल्या खुर्च्या घेतल्या होत्या. मॉरिस गेला, त्याची खुर्ची तशीच रिकामी राहिली.

"मग एक दिवस मी पॉपकॉर्न घ्यायला गेले. टीव्हीवर रेफरीनं काहीतरी घाण केलं. माझ्या तोंडून निघालं, डोळे फुटले का रे मेल्याचे! तर बाजूची बाई गर्रकन वळली. ही! मला म्हणाली, डोळे नाही फुटले, तो त्या बाजूला उभाच नव्हता. मी म्हटलं, ये बाई, तुझ्यासारखी माणसं हवीत." टिर्झा हसली. मग चहाचा कप खाली ठेवून तिनं सरळ सांगितलं, "पण खरं बोलू? पहिल्या सीझनभर मी हिला नवरा आहे का, असं विचारलंच नाही. वाटलं, माझ्यासारखीच असेल. दिसेल तेव्हा एकटी, उभी. कोणाचीतरी बायको असेल असं वाटलंच नाही."

प्रतापरावांनी कप बशीत परत ठेवला. शीला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं नजर खाली केली, पण नाकारलं काही नाही.

टिर्झा गेल्यावर ते म्हणाले, "मी तुला पनवती नाही म्हटलं कधी. उलट लकी म्हणायचो. तुझ्या नावानं लोक टाळ्या वाजवायचे."

"हो, पण जायला सांगायला वाजवायचे ना," शीला म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून तो जास्त लागला. "अहो, मला निळ्याचं काही नाही, हिरव्याचंही नाही. मी कोणाचीच नव्हते. मला बस म्हणणारे पहिले ते भेटले, म्हणून मी त्यांची झाले. तिथं मला कोणी ऊठ म्हणत नाही."

पुढच्या दोन्ही होम मॅचला शीला आली नाही. शेजारी रिकामी खुर्ची घेऊन प्रतापराव बसले. एकदा रायडर्स मागं पडले, रांग सवयीनं वळली, कोणाला पाठवायचं ते सापडेना आणि सगळ्यांनी अवघडून समोर पाहिलं. एक सामना जिंकले, एक हरले. प्रतापरावांना दोन्ही वेळा कोणाला सांगावं ते कळेना. वर्षानुवर्षं घरी जाताना गाडीत तेच बोलत आले होते, शीला ऐकत आली होती. आता लक्षात येत होतं की ती ऐकताना गप्प का असायची. तिला सगळं आधीच माहीत असायचं, त्यांच्याहून नीट.

ऑक्टोबरच्या शेवटी एडमंटनविरुद्ध मोसमातला शेवटचा होम गेम होता. जिंकले तर प्लेऑफ, हरले तर घरी. पुढच्या वर्षीच्या सीझन तिकिटांची ईमेल आली होती. दोन खुर्च्या की एक, ते सांगायचं होतं. त्यांनी लॅपटॉप बंद केला, स्वयंपाकघरात गेले आणि विचारलं, "येतेस का रविवारी?"

"कशाला?"

"बसायला."

शीलानं कणीक मळता मळता मान वर केली. "शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

रविवारी उणे नऊ होतं, वर वारा. शीलानं काळं जॅकेट घातलं, ना हिरवं ना निळं. ती दिसताच रांगेनं आनंदानं आरोळी ठोकली. ग्लेननं तिला आपल्या ब्लँकेटचं टोक दिलं. पहिले दोन क्वार्टर प्रतापराव सामना बघतच नव्हते, बायकोकडे बघत होते. चेंडू पडायच्या आधीच तिची नजर तो जिथं पडणार तिथं गेलेली असायची. एकदा ती पुटपुटली, "डावीकडून येणार," आणि खरंच डावीकडून आले. या बाईच्या शेजारी बसून आपण सामना पाहिला असता तर काय मजा आली असती, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते आल्याबरोबर जीव थोडा थोडा झाला.

शेवटच्या तीन मिनिटांची घोषणा झाली तेव्हा एडमंटन दोन गुणांनी पुढं होतं.

मग मागच्या ओळीतून कोणीतरी हळूच टाळी वाजवली. मग ग्लेनच्या भावानं. "गो शीला गो." शाळामास्तरीण वळली, चेहऱ्यावर विनवणी. प्लेऑफ होतं हो, वर्षाचा प्रश्न होता. बघता बघता अख्खी रांग, मागची रांग, टाळ्यांवर टाळ्या. "गो शीला गो! गो शीला गो!"

प्रतापरावांनी शेजारी पाहिलं आणि त्यांच्या काळजाचं पाणी झालं. शीला उठत होती. कोणाकडे न बघता, चेहऱ्यावर तेच जुनं हसू आणून, तिनं पर्स उचललीसुद्धा होती. एकोणीस वर्षांत शरीरालाच ते इतकं पाठ झालं होतं.

"शीला," त्यांनी तिचा हात धरला. "बस."

"अहो, हरले तर हे लोक तुम्हाला..."

"हरू दे. बस म्हणतो ना!"

ते इतक्या जोरात ओरडले की टाळ्या थांबल्या. मराठी कोणाला कळली नाही, पण अर्थ कळला. शीला बसली. पर्स मांडीवर ठेवली. त्यांनी तिचा हात सोडला नाही.

रायडर्स मैदानभर रडतखडत पुढं सरकले. दोनदा आता संपलं असं वाटलं. मागून कोणीतरी चिडून म्हणालं, "शी शुड हॅव गॉन." प्रतापरावांनी मान वळवली नाही. तीन सेकंद उरले आणि किकर मैदानात आला. पन्नासच्या वर यार्ड, समोरून वारा. किक बसली तर तीन गुण आणि सामना खिशात. प्रतापरावांचे ओठ सवयीनं हलले, पण कोणाकडे काय मागायचं तेच त्यांना सुचलं नाही.

"जाईल," शीला म्हणाली. "वारा पडलाय आत्ता."

चेंडू उडाला, हवेत जरा डगमगला, आणि दोन पिवळ्या खांबांच्या मधून गेला.

स्टेडियम फुटलं. तेहतीस हजार माणसं उभी राहिली, अनोळखी लोक एकमेकांच्या गळ्यात पडले, ग्लेननं दोन्ही भावांना उचललं. फक्त प्रतापराव उभे राहिले नाहीत. ते खुर्चीत बसून होते, तोंड उघडं, जणू जिंकलेला संघ त्यांचा नव्हताच. शीला इथं बसली होती. शेवटपर्यंत बसली होती आणि रायडर्स जिंकले होते. म्हणजे त्या दिवशीही, आधीच्या दिवशीही, दर वर्षी, रायडर्स मागं पडतील तेव्हा तेव्हा, पॉपकॉर्नच्या स्टॉलसमोर, लहान पोर हाताशी धरून, कशासाठी? कशासाठीच नाही. तिच्या असण्यानसण्यानं त्या चेंडूला कधी काही फरक पडला नव्हता. फरक फक्त तिला पडला होता.

"शीला," ते म्हणाले. "शीला, अगं, हे मी..."

तिनं ऐकलं की नाही, कळलं नाही. ती उभी होती, टाचा उंचावून, सगळ्यांच्या खांद्यांवरून मैदानाकडे बघत. खेळाडू किकरच्या अंगावर पडून ढीग झाले होते, टोप्या हवेत उडत होत्या, आणि तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता.

"असं दिसतं होय इथून," ती म्हणाली.